सात दिवसांच्या पासाबद्दल एका काकूंचे जाहीर आभार

प्रति,
परम आदरणीय टूर सल्लागार साहेब,
मुक्काम महाळुंगे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे



आपले नाव इथे लिहीत नाही. थोर माणसे प्रसिद्धीपासून लांब राहतात. आपण तर पैसे परत मागणारा फोनसुद्धा लांब ठेवता. शिवाय बाणेर, बालेवाडी, महाळुंगे, हिंजवडी या पट्ट्यात आपले व्यवसायबंधू पुष्कळ आहेत. हे पत्र त्यांच्याही उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले आभार आपल्या आदरातिथ्याचे. आम्ही आपल्या कचेरीत पाऊल ठेवले आणि आपण खुर्चीवरून उठलात, आमच्या ह्यांना वाकून नमस्कार केलात, आल्याचा चहा मागवलात आणि चहा यायच्या आत आम्हाला 'काका-काकू' करून टाकलेत. भिंतीवर फुजी पर्वत, टेबलावर पितळेचा आयफेल टॉवर. आपण म्हणालात, "काकू, डोळे झाकून जपान रेल पास घ्या. तिकिटं काढायची नाहीत, रांगेत उभं राहायचं नाही, हिशेब करायचा नाही. सात दिवस अख्खा जपान तुमचा!" या तीन वचनांपैकी एक आपण तंतोतंत पाळलेत. हिशेब खरोखरच कुणी केला नव्हता.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवले. तेव्हा आपले राहून गेलेले काम विनामूल्य पुरे करून देते. कृपया उतरवून घ्यावे.

सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनांचा होता. त्या वेळच्या भावाने माणशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये, वर आपले सेवाशुल्क. मार्ग आपणच आखून दिलेला: तोक्यो, तिथून क्योतो, मग ओकायामा आणि तिथून थेट तोक्योला परत. आता सुट्या तिकिटांचे भाव पाहावेत. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने सुमारे १४,००० येन. क्योतो ते ओकायामा साडेसात-आठ हजार. ओकायामा ते तोक्यो सुमारे १७,०००. नारिता विमानतळावरून शहरात येणाऱ्या गाडीचे तीन हजार धरा. बेरीज ४२,००० च्या आसपास. नारा वगैरे किरकोळ जाणे-येणे मिळवले तरी पन्नासाला हात लागत नाही. चौथीतल्या मुलांना मी याहून अवघड गणिते घालत असे.

अमर्याद थाळी दोन पोळ्या खाणाऱ्याला कधीच स्वस्त पडत नाही, साहेब. हा पास जवळजवळ वसूल करायचा तर माणसाने तोक्योहून थेट क्यूशू बेटावर हाकाताला जावे आणि सात दिवसांत परत यावे. त्या एका जाण्यायेण्याचेच सुट्या तिकिटांनी पंचेचाळीस हजारांच्या घरात येन होतात. सत्तरीला टेकलेल्या दोन माणसांना, एकाचा गुडघा दुखरा असताना, आपण इतके धावते समजलात, हा आमचा केवढा गौरव!

आपल्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते. एके काळी आपले म्हणणे खरे होते. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत हाच पास २९,६५० येनांना मिळत होता. तोक्यो-क्योतो एकदा जाऊन आले की पैसे जवळजवळ वसूल. मग १ ऑक्टोबर २०२३ ला त्याची किंमत ५०,००० झाली, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांची वाढ. जगभरच्या प्रवाशांनी त्या दिवसापासून कागद-पेन्सिल हातात घेतली. आपल्या गुळगुळीत पत्रकावर मात्र अजून छापलेले आहे, 'पहिल्याच फेरीत पैसे वसूल!' वाक्य जुन्या किमतीचे, पावती नव्या किमतीची. दोन्ही काळांना सारखा मान देणारे असे संतुलन क्वचितच पाहायला मिळते.

आणि आपला विनय तरी किती! क्योतो-ओसाका-ओकायामा भागासाठी पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा वेगळा पास असतो, हे आपण ओठांवर येऊ दिले नाही. पाच दिवसांचा, १२,००० येनांच्या आसपासचा. त्यात शिन-ओसाका ते ओकायामा शिंकान्सेन येते, नारा येते, कोबे येते, हिमेजीचा शुभ्र किल्ला येतो. पन्नास हजारांच्या पासावरचे कमिशन आणि बारा हजारांच्या पासावरचे कमिशन यांत फरक असतो म्हणून आपण गप्प राहिलात, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ते वाचकांनी म्हणावे.

आपण आमचा पासाचा अर्जही स्वतःच्या सुंदर हस्ताक्षरात भरून दिलात, त्याबद्दल शतशः धन्यवाद. पास कोणत्या तारखेपासून सुरू करायचा, हे त्यात लिहावे लागते. आपल्याकडून मिळालेले व्हाउचर जपानमध्ये पासात बदलून घेताना पुढच्या महिनाभरातली कोणतीही तारीख निवडता येते. आपण लिहिलीत ती विमान उतरण्याची. पास सलग सात दिवस चालतो. प्रवास केला नाही म्हणून कुठलाही दिवस शिल्लक राहत नाही. आम्ही तोक्योत देवळे, बागा आणि फुललेली चेरीची झाडे पायी पाहत होतो, तेव्हा आपला पास आमच्या पाकिटात बसून दिवस खात होता.

परिणाम आपल्याला ऐकायला आवडेल. ओकायामाहून तोक्योला निघायचे, त्याच्या आदल्या रात्री बारा वाजता पास संपला. सकाळी आम्ही खिडकीवर उभे राहून माणशी सुमारे सतरा हजार येन मोजले. संबंध प्रवासातला सर्वांत लांब आणि सर्वांत महाग टप्पा पासाच्या बाहेर, आणि पायी फिरायचे दिवस पासाच्या आत! ही तारीख तीन दिवस पुढची लिहिली असती तर पासाचे निदान बरेचसे पैसे फिटले असते. त्यासाठी आपल्याला पेन उचलायचेही कष्ट नव्हते. ते आपल्या हातातच होते.

नोझोमीबद्दल आपण आम्हाला काही सांगितले नाहीत, हे किती बरे झाले! नाहीतर तोक्यो स्टेशनावरचा तो थरार आमचा हुकला असता. या मार्गावर सर्वांत वेगवान गाडी नोझोमी, आणि ती दर काही मिनिटांनी सुटते. फलकावर ओळीने नोझोमी, नोझोमी, नोझोमी. पूर्वी या पासावर तिच्यात बसताच येत नसे. ऑक्टोबर २०२३ पासून बसता येते, पण तोक्यो ते क्योतो माणशी ४,९६० येन जादा भरून. जादा भरायचे नसतील तर हिकारी नावाच्या गाडीने जा, आणि हिकारी तासाला दोनच्या हिशेबाने. "सात दिवस अख्खा जपान तुमचा" या घोषणेतून या मार्गावरची सर्वांत जास्त धावणारी गाडीच वगळलेली होती.

आता रांगेबद्दल. जो पास जपान रेल पासाच्या अधिकृत संकेतस्थळावर घेतला जातो, त्याच्या जागा महिनाभर आधी घरबसल्या राखून ठेवता येतात. आपल्यासारख्यांकडून मिळते ते नुसते व्हाउचर. ते तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये नेऊन बदलून घ्यायचे, आणि त्यानंतरच जागा राखायच्या. म्हणजे "रांगेत उभं राहायचं नाही" म्हणत आपण जे विकलेत, त्याची सुरुवातच रांगेने होते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर नारिताच्या तळघरातल्या त्या रांगेत हे बॅगेवर बसले आणि मी उभी राहिले. चेरीच्या हंगामात सोयीच्या वेळेच्या हिकारी गाड्या तोवर भरल्या होत्या.

बॅगेवरून आठवले. आपण प्रत्येकाला एकेक चाकांची बॅग भेट दिलीत. केवढी भव्य! त्यावर आपल्या संस्थेचे नाव सोनेरी अक्षरांत. मे २०२० पासून तोक्यो-ओसाका-हाकाता मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये नियम आहे. बॅगेची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सामानाच्या जागेसकट येणारे विशिष्ट आसन आधीच राखावे लागते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त माहीत असावे लागते. माहीत नसेल तर गाडीत १,००० येन भरावे लागतात. आपली भेटवस्तू १६० च्या पुढची होती. तिकीट तपासनीस आला, त्याने टोपी काढून वाकून नमस्कार केला, बॅगेला टेप लावली आणि पुन्हा वाकून पावती फाडली. दोन बॅगा, दोन हजार येन. आपली जाहिरात जपानभर फिरवायचे भाडे आम्ही भरले, आणि ते वसूल करायचा विचारही आमच्या मनात नाही.

आपण बजावून सांगितले होते, "दारावरच्या माणसाला पास नुसता दाखवायचा, काका." तो पुठ्ठ्याचा घडीचा पास होता तेव्हाची ही रीत. आता पास तिकिटाएवढा लहान असतो आणि दारावरच्या यंत्रात घालावा लागतो. यंत्र तो एका बाजूने गिळते आणि आपण चालत पुढे गेलो की दुसऱ्या बाजूने वर काढून धरते. क्योतोला ह्यांनी पास आत घातला, फाटक उघडले, आणि बॅग ओढत हे सरळ पुढे निघाले. पास मागे यंत्राच्या ओठात तसाच उभा. पांढऱ्या हातमोज्यांचा एक पोरगा गर्दीतून धावत आला, दोन्ही हातांनी पास पुढे धरला आणि वर आपणच माफी मागितली. हरवलेला पास पुन्हा मिळत नाही. ही एक ओळ आपल्या चोवीस पानी रंगीत पुस्तिकेत कुठेही नाही. फुजीचे चित्र मात्र चार ठिकाणी आहे.

'अख्खा जपान' या शब्दांबद्दलही आपले ऋण मानायला हवे. जपानची राष्ट्रीय रेल्वे १९८७ साली मोडून तिच्या सहा प्रवासी कंपन्या झाल्या. हा पास त्या सहा कंपन्यांच्या गाड्यांचा. बाकी तोक्यो मेट्रो वेगळी, क्योतोची बस वेगळी, ओसाकाच्या आसपासच्या कितीतरी खासगी रेल्वे वेगळ्या. हे एका वाक्यात सांगता आले असते. आपण आम्हाला ते फाटकाफाटकावर, लाल दिवा लागल्यावर, टप्प्याटप्प्याने शिकू दिलेत. अनुभवातून शिक्षण देण्याची ही पद्धत आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही नव्हती.

माझी भाची तोक्योत निशी-कासाईला राहते. त्या भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांत मराठीही. आपल्याला हे मी सांगितले होते आणि आपण ठामपणे म्हणाला होतात, "पासातच जाल." निशी-कासाई स्टेशन तोक्यो मेट्रोच्या तोझाई मार्गावर आहे. तिथे आपला पास चालत नाही. भाचीच्या घरी जेवायला जायचे, तर दर खेपेला वेगळे तिकीट.

क्योतोच्या कार्यक्रमात आपण छापले होते, 'शहरदर्शन, पासात समाविष्ट'. फुशिमी इनारीची ती तांबड्या कमानींची वाट आणि आराशियामाचे बांबूचे बन, इथवर पासाची गाडी जाते, हे कबूल. किन्काकुजीचे सोनेरी मंदिर आणि कियोमिझुचा लाकडी सज्जा पाहायला मात्र शहराची बस पकडावी लागते. शहरात बस आणि भुयारी रेल्वे मिळून दिवसभराचा पास १,१०० येनांना मिळतो. तो आम्हाला हॉटेलच्या मुलीने सांगितला. तिने कमिशन घेतले नाही, बिचारीला व्यवसाय कळत नसावा.

आता आपल्या औदार्याच्या शिखराकडे वळते. "भाचीलाही एक पास भेट द्या काकू, तिघांचा गट झाला की स्वस्त पडेल," हे आपलेच शब्द. या पासाला गटाची सवलत नसते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धी किंमत असते, एवढेच. भाची अकरा वर्षांची असेल, असा आपला समज झाला असेल तर तो तिच्या तारुण्याचा सन्मानच म्हणायचा. ती तिथे नोकरी करते.

आणि नोकरी करते, इथेच खरी मेख आहे. विदेशी पासपोर्ट असलेल्याला हा पास अल्पकाळाचा पाहुणा म्हणून आला असेल तरच मिळतो. पासपोर्टवर तसा शिक्का लागतो. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याला तो घेता येत नाही. खिडकीवरच्या बाईंनी भाचीचा पासपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि अशा काही दिलगिरीने मान लववली की चूक त्यांचीच असावी. आम्ही तिला द्यायला नेलेली भेट तिच्या हातात कागद म्हणूनच राहिली. ती हसून म्हणाली, "मावशी, असू दे गं." तिचे ते 'असू दे' मला आजही खुपते.

न वापरलेले व्हाउचर ज्याने विकले त्यालाच परत करायचे असते. तसे आम्ही आपल्याकडे आलो. तेव्हा चहा आला नाही. 'काका-काकू' जाऊन 'सर-मॅडम' आले. 'प्रोसेसिंग' नावाच्या एका दैवताचे नाव आपण वारंवार घेतलेत, आणि त्या दैवताच्या नैवेद्यासाठी रकमेतून बरीचशी कापून घ्यावी लागेल, असे आपल्या सहायकाने मान खाली घालून सांगितले. बाकीचे पैसे 'लवकरच' मिळणार आहेत. त्या 'लवकरच'वर आमची आपल्याइतकीच श्रद्धा आहे.

हे सगळे असून आम्ही ओकायामाला का गेलो, हे आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण विचारले नाहीत. आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीचे ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखले आहे. रविवारी डबा घेऊन आम्ही तिथे कितीतरी वेळा गेलो. तिथली वळणाची पाऊलवाट, तळ्यातले मासे आणि कातरलेली हिरवळ पाहून हे नेहमी म्हणायचे, "मूळ बाग एकदा बघायची." निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्या एका वाक्यापायी आम्ही जपान ठरवले.

कोराकुएन बाग १७०० साली पुरी झाली. जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते. हिरवळ इतकी मोकळी की नजर आधी तिच्यावर पसरते आणि मग नदीच्या पलीकडच्या काठावरच्या काळ्या किल्ल्याकडे जाते. हे तळ्याच्या कडेला बराच वेळ बसून होते. मीही बसले होते. पण मला माझे पुरते लक्ष बागेला देता आले नाही. पास त्याच रात्री संपणार होता, उद्याच्या तिकिटाचे येन पुरतील का, कार्ड चालेल का, याचीच वजाबाकी मी मनात करत होते. पैसे गेल्याचे मी विसरेन. त्या बागेतली ती दुपार आपण माझ्याकडून घेतलीत, ती कोणत्या खात्यातून परत करणार?

इथवर आपल्याला भरपूर हार घातले. आता ते बाजूला ठेवून बोलते.

महाळुंगे काल-परवापर्यंत मुळशीतले गाव होते. २०२१ साली ते आणखी बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाच्या पलीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्यासारखी कितीतरी निवृत्त माणसे तिथे राहायला आली. या माणसांनी आयुष्यभर एसटीने प्रवास केला आहे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास त्यांना पाठ आहे: चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, साध्या गाडीचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. तो घेताना डेपोच्या खिडकीवरचा माणूस विचारतो, कुठल्या गाडीने जाणार? तो चहा देत नाही, काकू म्हणत नाही, क्वचित खेकसतोही. पण कोणता पास कोणत्या गाडीला चालतो, हे सांगितल्याशिवाय तो पैसे घेत नाही.

अशा माणसांचा पासावर विश्वास असतो. एकदा पैसे भरले की प्रवास आपला, ही त्यांची साधी समजूत. त्या समजुतीचा आपण धंदा केलात. परदेशचे नियम त्यांना माहीत नसतात, हे आपल्याला माहीत असते, आणि आपल्याकडे येण्याचे त्यांचे कारणही नेमके तेच असते. ज्ञान आपल्याकडे आहे म्हणून तर ते सेवाशुल्क देतात. शुल्क घेऊन ज्ञान ड्रॉवरमध्ये ठेवायचे, याला विसरणे म्हणत नाहीत.

हे जपानपुरतेही नाही. आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याला युरोपचा युरेल पास मिळाला, पण फ्रान्सच्या तेजेवे आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचे आरक्षण पैसे भरून घ्यावे लागते, हे स्टेशनावर कळले. दुसऱ्या एका आजोबांना सांगितले गेले होते की स्विस पासावर युंगफ्राउयोखच्या बर्फापर्यंत सगळे फुकट. प्रत्यक्षात तो पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, आणि बर्फापर्यंतच्या पुढच्या चढाला नुसती सवलत मिळते. त्या आजोबांनी खाली बसून कॉफी घेतली आणि नातवाला वर पाठवले. रेल्वे कंपन्यांनी हे नियम लपवलेले नाहीत. ते छापलेले आहेत, सगळ्या जगाला दिसतात. फक्त विकणाऱ्याने ते विकत घेणाऱ्याला वाचून दाखवायचे असतात.

तेव्हा हात जोडून काही मागणे मागते.

पास विकण्याआधी एका कागदावर मराठीत दोन रकाने आखावेत. एकात पासाची किंमत, दुसऱ्यात त्याच मार्गाच्या सुट्या तिकिटांची बेरीज. कुठला रकाना लहान आहे ते गिऱ्हाइकाला पाहू द्यावे आणि मग विचारावे, घ्यायचा का? सोय म्हणून थोडा महाग पासही कुणी आनंदाने घेईल. पण ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.

त्याच कागदावर खाली चार ओळी लिहाव्यात: पास कोणत्या दिवशी सुरू करायचा आणि तो दिवस का, कोणत्या गाड्यांना तो चालत नाही, जागा वेगळी राखावी लागते का, आणि तो कुणाला मिळूच शकत नाही. कागदावर आपली सही असावी. सही असली की माणूस विचार करून लिहितो.

आणि माझ्या भाचीच्या व्हाउचरचे पैसे परत करावेत. सगळे. तो पास तिला कधीच मिळणार नव्हता. जे मिळणारच नव्हते ते रद्द करण्याचे शुल्क कसले?

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे. लोभ आहेच, तो वाढू नये, ही विनंती.

आपली,
महाळुंगे येथील एक निवृत्त गणित शिक्षिका

ता. क. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सभागृहात मी परदेशी निघालेल्यांना पास आणि तिकिटांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवते. शुल्क नाही. पुढच्या रविवारी तिघे जपानला निघालेले येणार आहेत. तिघांच्याही हातात आपलेच पत्रक आहे, आणि 'पहिल्याच फेरीत पैसे वसूल' या वाक्यापासूनच आम्ही सुरुवात करणार आहोत. आपणही यावे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.